‘स्वतः’ म्हणजे कोण?

पुढाऱ्याची बायको म्हटलं की डोळ्यापुढं येते ती स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसलेली बाई. अशाच एकीनं शंभरावर वर्षांमागं आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या. त्या रमाबाई रानडे. माहेर आपल्या सांगली जिल्ह्यातलं, देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव तेच बघा.

१८७३ साली लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या आणि महादेव गोविंद रानडे ३१ चे. त्यांची पहिली बायको वारलेली. एवढा मोठा सुधारक, त्यानं विधवेशी लग्न करावं असं लोकांना वाटत होतं. पण वडिलांपुढं त्यांचं चाललं नाही. मग या अक्षरओळख नसलेल्या पोरीला त्यांनी शिकवायला घेतलं. आधी मराठी, पुढं इंग्रजीसुद्धा.

घरातल्या बायकांना ते खपेना. टोमणे सुरू झाले. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्यांच्या सभांना रमाबाई जायला लागल्या, तेव्हा तर कहरच. मला विचाराल तर खरी गोम इथं आहे. सुधारणा नवऱ्याच्या मनातली, पण ते कोर्टात निघून जायचे आणि दिवसभर बोलणी खायची ती बायकोनं. ग्रामसभेला जाऊन आल्यावर चुलीपाशी काय काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला मी वेगळं काय सांगू?

तरी रमाबाईंनी सोडलं नाही. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल पाहिजे म्हणून भर सभेत, गव्हर्नरसाहेबांसमोर, त्यांनी इंग्रजीत भाषण वाचलं. १८८४ साली ती शाळा निघाली. तीच हुजूरपागा.

१९०१ मध्ये रानडे गेले. त्यानंतर रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात कैदी बायकांना भेटायला जायच्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं विधवा बायका शिकून मास्तरीण झाल्या, नर्स झाल्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. हे सगळं नवऱ्यामागं, स्वतःच्या बळावर.

१९१० साली त्यांचं पुस्तक आलं, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आपण ‘हे’ म्हणतो, ‘मालक’ म्हणतो. त्या लिहितात ‘स्वतः’. ‘स्वतः’ म्हणजे रानडे! गटाच्या बैठकीत दोन-दोन पानं मोठ्यानं वाचून बघा. तो शब्द आला की थांबा, आणि या वाक्यात रमाबाई कुठं आहेत ते एकमेकींना विचारा.