देव उतरला तो कोणाकडे?



इ. स. १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें एक मराठी ओवीबद्ध ग्रंथ रोमन लिपींत छापून निघाला. ग्रंथकर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज, इ. स. १५७९ त ते गोव्यास आले आणि तेथेंच १६१९ त वारले. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथास आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणतों. परंतु त्याच्या मूळ पोर्तुगीज नांवाचा सारा रोख एका शब्दावर आहे. तो शब्द ‘येणें’. तारक येशू ख्रिस्त जगांत आला, त्या येण्याचें हें निरूपण.

स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतांना स्टीफन्स यांस संकोच वाटला नाहीं. मग या येण्याला सरळ ‘अवतार’ म्हणून मोकळें कां होऊं नये? बोलण्याच्या ओघांत आपण तसें म्हणतोंहि, आणि त्यांत फारसें बिघडत नाहीं, असें माझें मत आहे. मात्र शब्द दोन ठिकाणीं अडतो.

अवतार युगायुगांतून होतात आणि हें येणें एकदांच झालें, हा भेद सर्वश्रुत आहे. तेथें मी थांबत नाहीं. पहिली खरी अडचण देहाची. योहानाच्या शुभवर्तमानांत या ठिकाणीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ रूप किंवा आकृति असा होत नाहीं. त्याचा अर्थ मांस. आमच्या सोंवळ्या कानांस तो खडबडीत लागतो, आणि लागावाच. आरंभींच्या काळांतच असे कांहीं भाविक निघाले कीं, देवानें मांस धारण करावें ही कल्पना त्यांस असह्य होई; ख्रिस्ताचा देह निव्वळ भास होता, असें ते म्हणत. मंडळीनें हें मत त्याज्य ठरविलें. भास कधीं थकत नाहीं. शोमरोनांतील विहिरीपाशीं भर दुपारीं दमून बसलेला, परक्या बाईजवळ पाणी मागणारा, मित्राच्या कबरेपाशीं रडणारा असा हा देव आहे. पुढें इ. स. ४५१ त खल्कदोनच्या परिषदेनें निर्णय दिला: ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य, दोन स्वभावांची भेसळ नाहीं आणि फारकतहि नाहीं.

पण एवढा खटाटोप कशासाठीं? सर्वशक्तिमान् देवाला वरूनच क्षमा करतां आली नसती काय? चौथ्या शतकांत आलेक्सांद्रियाच्या अथनाशियसानें या प्रश्नाचा विचार केला आहे. हुकुमानें अपराध माफ होईल. पण मनुष्याच्या स्वभावास लागलेली कीड हुकुमानें कशी निघावी? तो दृष्टांत देतो तो असा. फळीवर काढलेलें एकाद्याचें चित्र डागाळून पुसट झालें, तर कोणी ती फळी फेंकून देत नाहीं. ज्याचें चित्र, त्यालाच पुनः समोर येऊन बसावें लागतें, म्हणजे त्याच फळीवर तें नव्यानें रेखाटतां येतें. मनुष्य ही फळी; तिजवरची प्रतिमा देवाची. आपल्या मतासाठीं पांच वेळां हद्दपारी सोसलेल्या या करारी पुरुषाला इतका घरगुती दृष्टांत सुचावा, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

आतां दुसरी अडचण. अवताराचें प्रयोजन आपण लहानपणापासून ऐकत आलों: साधूंचें रक्षण आणि दुष्टांचा संहार. ऐकतांना आपण स्वतःस कोणत्या रांगेंत उभें करतों, हें सांगावयास नको! ख्रिस्त मात्र म्हणाला कीं, वैद्याची गरज रोग्याला, आणि मी आलों तो पाप्यांना बोलावण्यासाठीं. येथें दुष्टाचाच उद्धार व्हावयाचा, आणि मरण येणाऱ्याच्या वांट्यास. सज्जन मनुष्यास हें ऐकून प्रथम समाधान होत नाहीं, रागच येतो.

यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य; रोमन सत्तेसाठीं वसुली करून गबर झालेला. अंगानें ठेंगणा, म्हणून येशूला पाहण्यासाठीं तो उंबरावर चढून बसला. येशूनें वर पाहून त्यास नांवानें हांक मारली आणि, लौकर खालीं ये, आज माझा मुक्काम तुझ्या घरीं आहे, असें सांगितलें. तोंवर जक्कयानें कोणाचें कांहीं परत केल्याचें ग्रंथांत नाहीं. लुबाडलेलें चौपट फेडण्याचें त्याचें वचन मागाहूनचें. अवतरणें म्हणजे उतरणें; आणि मराठींत उतरणें म्हणजे कोणाकडे पाहुणा म्हणून राहणेंहि होय. त्या दिवशीं यरीहोंतील भलीं माणसें कुरकुरलीं, तीं या दुसऱ्या अर्थावरून. एवढीं घरें असतां हा उतरला तो जक्कयाकडे!