कोल्हापुरीचा कान

डान्सची वाट बघत बसलेल्या माझ्या मित्रांनो,

तुमचं लक्ष पडद्यामागं आहे, म्हणून थेट पायाशी येतो. कोल्हापुरी चपलेच्या दोन्ही बाजूंना चामड्याच्या पाकळ्या असतात. कारागीर त्यांना 'कान' म्हणतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण कान तळाच्या थरांत शिवलेला असतो आणि वरचा पट्टा तोच धरून ठेवतो. जुन्या पद्धतीत खिळा नाही, शिवण चामड्याच्या वादीची. नक्षी म्हणून कान काढला तर चप्पलच सुटायची!

रेक्झिनची नक्कल बघा. कान आहे, वेणी आहे, गोंडा आहे, पण सगळं वरून चिकटवलेलं. फोटोत दोन्ही सारख्याच. ती घालून कोल्हापुरातून गांधीनगरपर्यंत चालत जा, मग सांगा.

तरीही देखणेपणाला मी कमी लेखत नाही. १९९५ मध्ये जपानात कुरोसू आणि काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या पडद्यावरची बटणं वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून लोकांना दाखवली. जी मांडणी डोळ्यांना बरी वाटली, तीच वापरायलाही सोपी असणार, असं लोकांनी धरूनच टाकलं. आपलं काय वेगळं आहे? नवी कोल्हापुरी चावते. आपण दुकानदाराशी भांडत नाही. तिला तेल लावतो, चार दिवस घरात घालतो आणि वर तिचंच कौतुक सांगतो. बेढब चपलेचे एवढे लाड कोण करेल? अस्सल चप्पल पुढं पायाच्या मापाची होते आणि ते लाड फेडते. नक्कल नुसती चावत राहते.

आणि ती करकर! चालायला तिचा काडीचा उपयोग नाही, पण चप्पल वाजली की गडी ताठ चालतो. हाही उपयोगच म्हणायचा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या कंपनीनं अशाच चपला दाखवल्या, त्याही आपलं नाव न घेता. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेली वस्तू ही! आपण चिडलो ते बरोबरच. कोल्हापुरीवरूनच प्रेरणा घेतल्याचं त्यांनी नंतर मान्य केलं. रूप एका नजरेत उचलता येतं. कानाचा टाका कुठं घ्यायचा, हे हाताला कळायला वर्षं जातात.

एका गोष्टीत मात्र आपली कोल्हापुरी नापास आहे. मृग लागला की ती माळ्यावर जाते. चामडं भिजलं की फुगतं. तुमच्यापैकी कुणी कान, वेणी, करकर तशीच ठेवून पावसात चालणारी चप्पल केली, तर पहिलं गिऱ्हाईक मी. माप आठ नंबर.