‘मग’ खोडण्याआधी



सहलीवरच्या निबंधात ‘मग’ किती वेळा येतो, हे इथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको. मग आम्ही बसमध्ये बसलो, मग गाणी म्हटली, मग डबे खाल्ले. आपण तो ‘मग’ लाल शाईने खोडतो आणि वर ‘नंतर’, ‘त्यानंतर’, फारच उत्साह असला तर ‘तदनंतर’ लिहून देतो. रोग तोच राहतो, फक्त औषधाची बाटली बदलते. घटना घडल्या त्याच ओळीने सांगायच्या असतील, तर मराठीला यातला एकही शब्द सहसा लागत नाही. ‘बसमध्ये बसून गाणी म्हटली, पोचल्यावर डबे उघडले.’ क्रम क्रियापदानेच सांभाळला.

बोलून, बोलताना, बोलल्यावर, बोलताच, बोलेपर्यंत. एका धातूची ही पाच रूपे, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ‘ऊन’ला दोन्ही कामे साधारणपणे एकाच कर्त्याची लागतात, म्हणून ‘पाऊस थांबून आम्ही निघालो’ कानाला खटकते आणि ‘पाऊस थांबल्यावर’ खटकत नाही. ‘ल्यावर’ फक्त आधीचे आणि पुढचे कोणते ते सांगतो, मध्ये किती वेळ गेला याबद्दल गप्प राहतो. ‘ताच’ मात्र ग्वाही देतो की मध्ये काहीच घडले नाही. आणि ही ग्वाही आपण फार सढळ हाताने वाटतो.

पुणेकरांना 12 जुलै 1961 हा दिवस सांगावा लागत नाही. ‘पानशेत फुटताच पुणे बुडाले’ हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे, पण खरे नाही. पानशेतचे धरण सकाळी फुटले. ते पाणी आधी खाली खडकवासल्याच्या तलावात आले. एकोणिसाव्या शतकातल्या त्या दगडी धरणालाही ते पेलले नाही, तेही गेले. मध्ये काही तास होते. बातमी कोणाला कळली, कोणाला नाही, कोणी विश्वास ठेवला, कोणी हसण्यावारी नेले, हे सगळे त्या तासांतले. गोष्ट लिहिणाऱ्याला हवे ते तिथेच असते, आणि ‘ताच’ तेच गिळून टाकतो. ‘फुटल्यावर’ म्हटले तर निदान दार उघडे राहते.

मग स्वतंत्र कालवाचक शब्द हवेत कुठे? ओळ मोडते तिथे. दोन ठिकाणच्या घटना एकाच वेळी चालल्या असतील तर ‘इकडे’, ‘तिकडे’. चाललेल्या कामात दुसरे काही घुसले तर ‘तेवढ्यात’. आणि माझा सर्वांत लाडका ‘एव्हाना’: आपण दुसरीकडे पाहत होतो तेवढ्या वेळात घटना किती पुढे गेली, हे तो एका शब्दात सांगतो. हल्ली तो फारसा दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

आपल्या जुन्या गद्यात घटनांचा क्रम सांभाळण्याचे उत्तम नमुने आहेत. चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या ‘लीळाचरित्रा’तल्या अनेक लीळा कुठल्याशा एका दिवसापासून सुरू होतात, तो कोणता दिवस, याची संकलकाला फिकीर नाही. चक्रधरस्वामी त्या वेळी कोणत्या गावी होते, हे मात्र पक्के असते. क्रम गावांनी धरला आहे, तारखांनी नाही. उलट विष्णुभट गोडसे घ्या. वरसईचा हा भिक्षुक 1857 मध्ये दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडात सापडला. ‘माझा प्रवास’ लिहिला सुमारे पाव शतकानंतर. छापला गेला 1907 मध्ये. त्यात लांबलांबचे पल्ले चार वाक्यांत उरकतात, पण झाशीचा वेढा सुरू झाला की मोजमाप एकदम लहान होते, दिवस दिवस वेगळा दिसू लागतो. जीव धोक्यात असताना वेळ जसा जातो तसाच तो सांगितला आहे. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

शेवटी एका उपद्रवाबद्दल बोलतो: ‘होता’. मागची हकीकत सुरू झाली की नवे लेखक प्रत्येक क्रियापदाला ‘होता’ची शेपटी लावतात. मागे गेलो हे कळायला पहिले एक-दोन पुरतात, पुढे साधा भूतकाळ चालतो. परतताना मात्र वेळ स्पष्ट सांगावी लागते. समजा, पानशेतच्या पुरातली एक काल्पनिक बाई. ‘दुपारी ती माडीवर उभी होती. सकाळीच तिने मुलांना पर्वतीकडे धाडले होते. मग दिरांना हाका मारल्या. ते आले नाहीत. आता पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते.’ यातला ‘मग’ मी मुद्दाम ठेवला आहे, कारण तिथे कर्ती तीच असली तरी तिने जरा वाट पाहिली. पण ‘आता’ काढून पाहा. पाणी सकाळीच जिन्यात शिरले होते असे वाटेल, आणि दीर का आले नाहीत, याचे कारणच बदलेल.