पिवळी पिशवी आणि आपला हात
(मनोरीच्या सभेत केलेलं भाषण)

मी गोदीत हमाली करतो. आमच्याकडं पेटीत ॲसिड असलं तर पेटीवर चित्र डकवलेलं असतं. अडाणी माणूसही लांबून ओळखतो. माझा मावसभाऊ उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये कंत्राटी सफाईला होता. त्याच्या वाट्याला काळी पिशवी. वर काही नाही. उचलली तशी सुई तळहातात घुसली. मुकादम म्हणाला, हळद लाव, उद्या खाडा करू नकोस. सहा महिने त्यानं बायकोला जवळ येऊ दिलं नाही. ही भीती कुठल्या रजिस्टरात लिहितात?

मला वाटलं, कायदाच नसेल. कसलं काय! 1998 साली नियम झाले, 2016 साली नवे आले. मी मॅट्रिक माणूस, डिक्शनरी घेऊन वाचले. कापलेले अवयव, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या लालमध्ये. काच निळ्या खोक्यात. सुया-ब्लेडांना पांढरा डबा, आरपार टोचणार नाही असा. 48 तासांवर साठवायचं नाही. पिशवीला बारकोड. म्हणजे पिशवी कुठून निघाली, कुठं गेली, सगळ्याचा पत्ता. आणि उचलणारा हात?

हातही लिहिलाय, दोस्तहो! तेवढंच आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. हा कचरा हाताळणाऱ्याला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यायची. कामावर घेताना तपासणी, पुढं वर्षातून एकदा तरी. हातमोजे द्यायचे. अपघाताची नोंद ठेवायची. हे सगळं दवाखाना चालवणाऱ्यावर. हाताळणारा कायम की कंत्राटी, असं त्यात विचारलेलं नाही.

साहेब लोक म्हणतात, आता जात कुठं राहिली? मग झाडूवाल्यांच्या हजेरीपटावरची आडनावं मोठ्यानं वाचा की.

कचरा वाहतूक श्रमिक संघानं वर्षानुवर्षं झगडून 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून मुंबई पालिकेच्या 2700 कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा हुकूम मिळवला. तेही कचराच उचलत होते.

अजून एक, हे घरी जाऊन सांगा. सुई टोचली तर हळद नाही. साबण-पाण्यानं धुवा, रक्त पिळू नका, आणि तडक सरकारी इस्पितळ गाठा. एच.आय.व्ही. अडवणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. दोन तासांत झाल्या तर उत्तम. माझ्या भावाला हे कुणी सांगितलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं.

मार्व्याची शेवटची बोट सुटायच्या आत, ज्यांच्या घरचं कुणी दवाखान्यात झाडू मारतं त्यांनी नावं द्या. लस मिळाली का, कधी, एवढंच लिहायचं. कागद मी आणलाय. पेन कुणाकडं असेल तर बघा.