निरोपांचें कोठार



घरबसल्या आगगाडीचें तिकीट काढणें किंवा परगांवीं पैसे पाठविणें आज आपणांस सवयीचें झालें आहे. अशा व्यवहारांमागें एक संगणक दुसऱ्यास सारखे निरोप धाडीत असतो. पुष्कळ ठिकाणीं हे निरोप एका मध्यस्थाच्या हवालीं केले जातात. त्यास 'मेसेज ब्रोकर' म्हणतात. घेणारा त्या क्षणीं जागा नसला, तरी मध्यस्थ निरोप सांभाळून ठेवतो.

प्रश्न असा कीं, सांभाळावयाचें किती? समजा, पाठविणारा सेकंदास एक हजार निरोप धाडतो आणि घेणारा तीनशेंच उचलतो. तासाभरांत २५,२०,००० निरोप तुंबतील. प्रत्येकीं एक किलोबाइट धरल्यास हा भार सुमारें अडीच गिगाबाइट होतो.

'अपाचे ॲक्टिव्हएमक्यू' हा प्रसिद्ध मध्यस्थ येथें तीन मर्यादा आंखतो: स्मृतीची, कायम सांठ्याची आणि तात्पुरत्या सांठ्याची. ज्या निरोपांची कायम नोंद हवी, ते आरंभींच डिस्कवरील कायम सांठ्यांत लिहिले जातात. बाकीचे स्मृतींत राहतात. ती भरत आली कीं ते तात्पुरत्या सांठ्यांत उतरविले जातात. मूळ मांडणींत या सांठ्यास ५० गिगाबाइटांची मर्यादा असते. वरील हिशेबानें ती सुमारें वीस तासांत संपेल. म्हणजे शनिवारीं सायंकाळीं घेणारा मंदावला, तर रविवारीं दुपारीं गाडें अडेल.

मग मध्यस्थ पाठविणाऱ्यास रोखून धरतो. निरोप गमावण्यापेक्षां हें बरें. परंतु यांत एक धोका आहे. रोखलेल्या पाठविणाऱ्यास कसलीच चूक कळविली जात नाहीं. तो केवळ वाट पाहत राहतो, आणि बाहेरून पाहणारास तो बंद पडल्यासारखा दिसतो. म्हणून 'जागा नाहीं' असें तत्काळ कळविण्याची सोयही ठेवलेली आहे. ती चालू केल्यास पुढें काय करावें हें पाठविणाऱ्यास ठरवितां येतें.

दुसरी खबरदारी जोडणीची. 'रॅबिटएमक्यू' या मध्यस्थांत स्मृति वा डिस्क अपुरी पडली कीं पाठविणाऱ्याची सबंध जोडणीच रोखली जाते. त्याच जोडणीवरून निरोप उचलणेंही चालत असेल, तर पोंच परत जाऊं शकत नाहीं, आणि कोठार रिकामें होण्याची वाटच खुंटते. यासाठीं देण्याची व घेण्याची जोडणी वेगळी ठेवावी.

अडचण आली कीं कोठार वाढविण्याचा मोह होतो. त्यानें वीस तासांचे चाळीस तास होतील, इतकेंच. रोजची आवक उचलली जाईल इतके घेणारे वाढविणें, किंवा शिळ्या निरोपांस मुदत घालणें, हेच खरे उपाय होत. आणि पहारा ठेवावयाचा तो कोठार भरल्यावर नव्हे, तें निम्में भरलें असतांनाच.