माणसाने बदललेला देखावा



छायाचित्रांसारखा विषय घेऊन या व्यासपीठावर उभे राहताना मला थोडा संकोच वाटतो आहे. छायाचित्रांविषयी बोलायचे आणि जवळ दाखवायला एकही छायाचित्र नाही, म्हणजे पंगतीला बसलेल्या पाहुण्यांना पक्वान्नांची नुसती नावे ऐकवण्यासारखे आहे. शिवाय ज्या प्रदर्शनाविषयी मी बोलणार आहे, त्यातील छायाचित्रे पाहून पुष्कळांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा : "यात पाहण्यासारखे आहे तरी काय?" हा उद्गार मला मोलाचा वाटतो. आजचे माझे सारे बोलणे त्या एका प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचे शहर आहे. हे कोडॅक कंपनीचे गाव. कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांच्या राहत्या वाड्यात १९४९ साली छायाचित्रणाचे संग्रहालय सुरू झाले. या संग्रहालयात ऑक्टोबर १९७५ ते फेब्रुवारी १९७६ या काळात विल्यम जेंकिन्स या संयोजकाने एक प्रदर्शन मांडले. 'न्यू टोपोग्राफिक्स' असे त्याचे नाव, आणि 'माणसाने बदललेल्या भूप्रदेशाची छायाचित्रे' अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक. कलावंत दहा, छायाचित्रे १६८. दहापैकी आठ अमेरिकन होते आणि त्यांतला एकही चाळिशीला पोहोचलेला नव्हता. जो डील, निकोलस निक्सन आणि स्टीव्हन शोअर हे तिघे तर १९४७ साली जन्मलेले. उरलेले दोघे म्हणजे बेर्न्ट आणि हिला बेशर हे जर्मन दांपत्य, वयाने थोडे वडील. काही जणांची चित्रे आधी नावाजली गेली होती; पण सर्वसामान्य प्रेक्षकाला ही नावे नवीनच होती.

'टोपोग्राफी' म्हणजे स्थलवर्णन. आपल्याकडे महानुभावांची 'स्थानपोथी' आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागांची नोंद तिच्यात आहे. देऊळ कोणते, त्याचे दार कोणत्या दिशेला, कशाच्या कोणत्या बाजूला काय आहे, हे तिच्यात साध्या शब्दांत सांगितले आहे. अलंकार नाहीत, उपमा नाहीत. आणि तरीही त्या कोरड्या शब्दांमागे केवढी ओढ आहे! जागा नीट सांगणे हीच तिथे भक्ती आहे. 'स्थलवर्णन' या शब्दाचा हा अर्थ मनात ठेवला, तर रॉचेस्टरच्या प्रदर्शनाकडे जाण्याची वाट सोपी होते.

आता प्रश्न असा, की प्रेक्षकांची या प्रदर्शनाकडून अपेक्षा काय होती? अमेरिकेत भूप्रदेशाचे छायाचित्र म्हटले की डोळ्यांसमोर नाव येई ॲन्सेल ॲडम्स यांचे. योसेमिटीचे उत्तुंग कडे, बर्फाची शिखरे, ढगांतून उतरणारा प्रकाश. ही चित्रे थोर आहेत यात शंका नाही, आणि वनांच्या व डोंगरांच्या रक्षणाची जी चळवळ त्या देशात झाली तिला त्यांचे मोठे साहाय्य झाले. परंतु त्या चित्रांत माणूस जवळपास नाहीच. घर नाही, रस्ता नाही, विजेचा खांब नाही. जणू सृष्टी नुकतीच निर्माण झाली आहे आणि छायाचित्रकार तिचा पहिला पाहुणा आहे.

प्रत्यक्षात देश कसा होता? दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या कडेला एकसारख्या घरांच्या वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. १९५६ साली महामार्गांचा कायदा झाला आणि सुमारे ४१,००० मैलांचे रस्ते बांधण्याची योजना आखली गेली. रस्त्यांमागून पेट्रोल पंप आले, मोटेल आली, गोदामे आली, गाड्या उभ्या करण्याची अफाट मैदाने आली. कोट्यवधी माणसे या जागांत राहू लागली, आणि भिंतीवर मात्र योसेमिटीचे चित्र टांगू लागली. राहण्याची जागा एक आणि पाहण्याची जागा दुसरी, अशी ही ताटातूट होती. या दहा जणांनी कॅमेरा फिरवला तो राहण्याच्या जागेकडे.

लुईस बाल्ट्झचे उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियात अर्व्हाईन शहराच्या आसपास नव्या औद्योगिक वसाहती उभ्या राहत होत्या. १९७४ मध्ये त्याने त्यांची ५१ छायाचित्रांची मालिका पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. चित्रांत काय आहे? एक सपाट भिंत. एक बंद दरवाजा. नुकतीच लावलेली, अजून जीव न धरलेली झुडपे. खाली शीर्षक म्हणून इमारतीची कोणती बाजू आणि तिचा पत्ता, बस. आत काय बनते ते बाहेरून ओळखता येत नाही. तिथे पायमोजे तयार होत असतील किंवा संहाराची शस्त्रे, अशा आशयाचे उद्गार बाल्ट्झने स्वतःच काढले होते. चित्र पाहताना प्रथम कंटाळा येतो. मग त्या भिंतीची स्वच्छता जाणवते. आणि मग या स्वच्छतेचीच थोडी भीती वाटू लागते. हे सारे ना प्रकाशाच्या नाटकाने साधले, ना कॅमेऱ्याच्या करामतीने.

बेशर दांपत्याची गोष्ट आणखी वेगळी. बेर्न्ट मूळचा चित्रकार. जर्मनीतील झीगन भागात तो वाढला. तिथली एक जुनी खाण तो कागदावर रेखाटत होता. पण रेखाटन पुरे होण्याआधीच खाण पाडायला सुरुवात झाली. हाताचा वेग पाडकामाला पुरेना, म्हणून त्याने १९५७ मध्ये कॅमेरा हाती घेतला. १९५९ पासून त्याने आणि हिलाने मिळून काम सुरू केले, ते जवळजवळ अर्धशतक चालले. पाण्याचे मनोरे, झोतभट्ट्या, गॅसच्या टाक्या, खाणींवरील यंत्रघरे. आकाश ढगाळ असेल तेव्हा चित्र घ्यायचे, म्हणजे सावल्यांचा खेळ नको. शिडी घेऊन थोडे उंचावर उभे राहायचे, म्हणजे वास्तू सरळ दिसेल. मग एकाच जातीच्या वास्तूंची चित्रे चौकटीत शेजारी शेजारी मांडायची. रॉचेस्टरमध्ये त्यांनी मांडल्या त्या कोळशाच्या खाणींवरील इमारती. एक चित्र पाहून काहीच वाटत नाही. एकाच धर्तीची अनेक एकत्र पाहिली, की दोन मनोऱ्यांतला फरक दोन सख्ख्या भावांच्या चेहऱ्यांतल्या फरकासारखा दिसू लागतो. ज्या वास्तूंना कोणी वास्तुकला म्हटले नाही, त्यांना या चित्रांनी चेहरा दिला. पुढे १९९० साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात या दोघांना पारितोषिक मिळाले, आणि गंमत अशी की ते मिळाले शिल्पकलेसाठी !

स्टीव्हन शोअर हा या साऱ्यांत एकटाच रंगीत चित्रे घेणारा. त्या काळी रंगीत छायाचित्र म्हणजे जाहिरातीचे किंवा घरगुती समारंभाचे. गंभीर कलावंताने कृष्णधवलच वापरावे असा संकेत होता. शोअर तिपाईवर मोठा कॅमेरा लावी. त्यात ८ इंच बाय १० इंचांची फिल्म. लहान गावातल्या चौकात तो उभा राही. चित्रांची शीर्षकेही तशीच : अमुक रस्ता व तमुक रस्ता, गाव, राज्य, तारीख. पण त्या मोठ्या फिल्मवर दुकानाची पाटी, फुटपाथची कड, लांबच्या मोटारीचा रंग, सारे इतके स्पष्ट उमटते की नजर त्या चौकात चालू लागते.

इतरांविषयी थोडक्यात सांगतो. जो डीलने न्यू मेक्सिकोमधील आल्बुकर्की शहराची नवी घरे टेकडीवरून खाली पाहत टिपली आणि चौकटीतून आकाश पूर्ण वगळले. जमिनीवरून नजर उचलायला जागाच ठेवली नाही. जॉन शॉटने 'रूट ६६' या जुन्या महामार्गावरील मोटेल टिपली. तो मार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला, त्यामुळे ती चित्रे आज इतिहास झाली आहेत. निक्सनने बॉस्टन शहर उंचावरून पाहिले. फ्रँक गोल्की आणि हेन्री वेसेल यांनीही आपापल्या परीने हाच प्रदेश धुंडाळला.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. भिंत होती, तिचे चित्र घेतले. यात कलावंताने केले काय? गोल्कीनेच पुढे सांगितले आहे, की पुष्कळ प्रेक्षकांना ते प्रदर्शन मुळीच आवडले नव्हते. कॅलेंडरवरचे चित्र पाहणाऱ्याला आधीच सांगते : हे सुंदर आहे, आता वाहवा म्हणा. आपण वाहवा म्हणतो आणि पुढे जातो. पाहण्याचे काम झालेलेच नसते. या मंडळींनी पाहणाऱ्याला अशी कोणतीही सूचना द्यायचे नाकारले. त्यांची चित्रे पंचनाम्यासारखी आहेत. पंचनाम्यात निकाल नसतो. दार कुठे, खिडकी कुठे, वस्तू कोणत्या स्थितीत, एवढेच असते. निकाल दुसऱ्याने द्यायचा असतो. इथे तो दुसरा म्हणजे आपण. चित्र कंटाळवाणे वाटते ते बहुधा यामुळे, की काम आपल्यावर येऊन पडते आणि आपल्याला त्याची सवय नसते.

मात्र संयोजकाच्या एका भूमिकेशी मी पूर्ण सहमत नाही. जेंकिन्स यांचा भर तटस्थतेवर होता. शैली नाहीच असे वाटावे हीच या चित्रांची शैली, असा त्यांचा रोख होता. मला वाटते, पंचनामा करणाऱ्यालाही कुठे उभे राहायचे हे ठरवावे लागते. डीलने आकाश वगळले, तो निर्णयच होता. बेशर दांपत्य पाडल्या जाणाऱ्या वास्तूंमागे वर्षानुवर्षे धावले, ते काय उदासीनतेने? आणि रॉबर्ट ॲडम्सकडे पाहिले, तर तटस्थतेची कल्पना टिकतच नाही.

हा ॲडम्स आधी इंग्रजी वाङ्मयाचा प्राध्यापक. कोलोराडोत, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, डेन्व्हरच्या आसपास जमीन भराभर बांधकामाखाली जात होती. हे त्याला मनापासून खुपत होते. सोपा मार्ग होता : कुरूप घरे कुरूप दिसतील अशी चित्रे घ्यायची आणि लोकांना लाज वाटायला लावायची. त्याने तसे केले नाही. स्वस्तातल्या, खोक्यासारख्या घरांवर पडलेला डोंगराळ प्रदेशाचा स्वच्छ प्रकाश त्याने तितक्याच स्वच्छपणे टिपला. १९६८ मध्ये कोलोराडो स्प्रिंग्ज येथे घेतलेले त्याचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साधे बैठे घर, समोर गवताचा चौकोन, आणि खिडकीतून आरपार दिसणारी एका बाईची काळी आकृती. चेहरा दिसत नाही. ती एकटी आहे एवढेच दिसते. या चित्रात त्या वसाहतीवर ठपका आहे. पण त्या बाईविषयी तुच्छता कणभरही नाही. तिथे माणसे राहतात, प्रकाश तिथेही पडतो, आणि म्हणून ती जागा टाकून देता येत नाही, असे ॲडम्सला वाटत असावे. मघाशी स्थानपोथीविषयी जे म्हटले, तेच इथेही लागू आहे. जागा नीट सांगणे हा आस्थेचाच प्रकार आहे.

नवोदितांच्या समूह-प्रदर्शनाचे मोलही इथे कळते. यांतील प्रत्येकाची चित्रे सुटी सुटी आली असती, तर "एका विक्षिप्त माणसाने भिंतीचे फोटो काढले" एवढ्यावर भागले असते. या दहा जणांनी मिळून कोणता पंथ काढला नव्हता. पण दहा डोळे एकाच दिशेला वळलेले दिसले, तेव्हा त्या दिशेला काहीतरी आहे हे नाकारणे कठीण झाले. १९७६ पासून बेर्न्ट बेशर ड्युसेलडॉर्फच्या कलाशाळेत शिकवू लागला. आंद्रेआस गुर्स्की, थॉमस श्ट्रूट, थॉमस रूफ, कांडिडा ह्योफर हे सारे तिथले विद्यार्थी. यांपैकी गुर्स्कीचे ऱ्हाईन नदीचे एक छायाचित्र, ज्यात हिरवे काठ, करडे पाणी आणि करडे आकाश याखेरीज काही नाही, २०११ मध्ये ४३ लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. किंमत हा कलेचा मापदंड नव्हे. पण काळ कसा फिरतो ते यावरून दिसते. ते मूळ प्रदर्शनही २००९ पासून पुन्हा मांडले गेले आणि अमेरिकेतील व युरोपातील शहरांतून फिरले.

शेवटी आपल्या घराकडे वळतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पावसाळ्यात आपण धबधब्यावर जातो, हिवाळ्यात किल्ल्यावर जातो, पाठीमागे विजेची तार येणार नाही अशी जागा शोधतो आणि चित्र घेतो. परतताना वाटेत जे लागते, बिनशेती प्लॉटांचे फलक, अर्धवट बांधलेल्या इमारतींतून वर आलेल्या सळया, बाह्यवळण रस्त्यावरची गोदामे, त्याकडे आपण पाहत नाही. पण आपले आयुष्य जाते ते त्या दोन टोकांच्या मधल्या जागेत. जी जागा आपण पाहतच नाही, ती बिघडत असली तरी आपल्याला कळत नाही, आणि सुधारत असली तरी आनंद होत नाही. गावाचा कारभार कसा असावा यावर आपण तावातावाने बोलतो. गाव प्रत्यक्षात कसे दिसते, असे कोणी विचारले तर आपल्यातले किती जण नेमके सांगू शकतील?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. उद्या सकाळी आपल्याच रस्त्याच्या टोकाला, जिथे काहीच पाहण्यासारखे नाही अशी आपली खात्री आहे, तिथे पाच मिनिटे उभे राहा. चांगले-वाईट ठरवण्याची घाई करू नका. दार कुठे, भिंत कुठे, झाड कुठे, ऊन कुठपर्यंत आले आहे, एवढे फक्त पाहा. निकाल नंतर देता येईल.