प्रेसच्या गावात आपले स्वागत



स्वागताध्यक्ष कोणाला करायचे याचे आपल्याकडे एक शास्त्र ठरलेले आहे. ज्याला विषयातले फारसे कळत नाही, पण गावातले चार लोक ज्याचा फोन उचलतात, त्याच्या गळ्यात ही माळ पडते. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा माणूस. तुम्ही अभियांत्रिकी व्यवस्थापन शिकवणारे प्राध्यापक; तुमच्या परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतले निम्मे शब्द मला छापखान्यातून प्रूफ आले तेव्हा प्रथम कळले. लेथवरचा माणूस न सांगता रजेवर गेला की त्या दिवशीच्या डिलिव्हरीचे काय होते, एवढे मात्र मला कोणी शिकवावे लागत नाही. त्या अधिकारात मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

नाशिकला पाहुणा आला की आम्ही त्याला रामकुंडावर नेतो, काळाराम मंदिर दाखवतो, पांडवलेणी चढायला लावतो आणि हल्ली द्राक्षाच्या मळ्यातही हिंडवतो. हे सगळे तुम्ही बघालच. काळारामाच्या दारात उभे राहाल तेव्हा २ मार्च १९३० रोजी तिथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह आठवा, एवढीच विनंती. सार्वजनिक वाचनालय १८४० चे आहे, हे नाशिककर तुम्हाला विचारले नाही तरी सांगतीलच. कुसुमाग्रजांबद्दल मी बोलत नाही, कारण त्यांच्यावर बोलणारे या गावात माझ्यापेक्षा पुष्कळ बरे आहेत. मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एके काळी घोड्यांची ट्राम धावत असे, तिच्यावर मला तासभर बोलायला आवडले असते. पण संयोजकांनी आधीच बजावले आहे.

मला सांगायचे आहे ते आमच्या प्रेसबद्दल. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटले की वर्तमानपत्र कोणाच्या मनात येत नाही. प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि तिच्या शेजारची करन्सी नोट प्रेस. बाकी देवळे तुम्ही आतून पाहू शकता. या देवळाच्या गाभाऱ्यात तुम्हाला प्रवेश नाही. माझ्या वडिलांची सगळी नोकरी तिथे झाली, तरी मला तो आतून पाहायला मिळाला नाही. ते रोज संध्याकाळी फाटकावर झडती देऊन घरी येत, आणि घरात आम्ही भावंडे रद्दीच्या कागदावर चित्रे काढत असलो की 'हा कागद कुठून आला?' हा त्यांचा पहिला प्रश्न असे. दर्जा नियंत्रण काय असते हे मी तिथे शिकलो.

थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या विषयाशी याचा संबंध आहे, निदान मी तो लावणार आहे. १८५५ पासून हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. नोटाही इंग्लंडमध्ये छापून बोटीने यायच्या. तिकिटाचा आणि नोटेचा कारखाना इथेच काढायचे ठरले आणि १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. १९२८ मध्ये नोट प्रेस आली. साता समुद्रापलीकडचे काम नाशिकच्या माणसाच्या हातात आणायचे म्हणजे यंत्रे, शाई, कागद, साचे कोरणारे कारागीर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारी शिस्त असे सगळेच एकदम उभे करायचे. १९२९ ची हवाई टपालाची तिकिटे इथली. १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची तिकिटे इथली. आणि २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेले, साडेतीन आण्यांचे, तेही नाशिकरोडचेच. त्या तिकिटाचा एक मूळ नमुना बाहेरच्या दालनात काचेखाली ठेवला आहे. कृपया काचेवर चहाचा कप ठेवू नये.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र अपयशाचा आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी गांधीजींची चार तिकिटे निघाली, ती स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए कंपनीत छापली गेली, कारण छायाचित्राची छटा जशीच्या तशी उतरवणारी फोटोग्रॅव्ह्युअर छपाई तेव्हा नाशिकला होत नव्हती. बापूंची तिकिटे परदेशात छापावी लागली, ही गोष्ट प्रेसमधल्या जुन्या माणसांना किती झोंबली असेल याची मी कल्पना करू शकतो. १ ऑक्टोबर १९५२ रोजी कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची मालिका निघाली, ती नाशिकला, फोटोग्रॅव्ह्युअरवर. चार वर्षांत एक परकी विद्या आत्मसात करून तिच्यात देशाचे काम करणे याला तुम्ही तुमच्या भाषेत काय म्हणता ते तुम्ही सांगा. आम्ही त्याला कामगारांचे हात म्हणतो, आणि त्या हातांच्या मागे कोणीतरी शिकवणारा उभा होता असे मानतो. त्या शिकवणाऱ्यांची नावे कोणी लक्षात ठेवत नाही.

प्रेसनंतर ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. १९६३ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, हे आम्ही दर निवडणुकीत एकमेकांना सांगतो. मग मायको आली. कंपनीचे नाव केव्हाच बदलले, पण आमचे सर्कल अजून मायको सर्कलच आहे. धरणांची आणि बांधकाम साहित्याची परीक्षा करणारी 'मेरी' १९५९ पासून दिंडोरी रस्त्यावर आहे.

आणि या सगळ्यांच्या आधी, १८८४ मध्ये, पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेला तेवीस वर्षांचा एक तरुण इंजिनिअर सरकारी बांधकाम खात्यात नाशिकला रुजू झाला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. थोड्याच दिवसांत त्याला खानदेशात पांझरेच्या पात्रात नळाचे सायफन घालायला पाठवले, म्हणून ती गोष्ट धुळेकर आपली म्हणून सांगतात. पहिली नेमणूक मात्र नाशिकची. पुढे याच माणसाने म्हैसूरचे दिवाणपद सांभाळले, १९१७ मध्ये बंगळुरात अभियांत्रिकी महाविद्यालय काढले आणि १९२३ नंतर तोट्यात चाललेला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना हातात घेऊन चालवून दाखवला. कारखाना आणि कॉलेज या दोन वेगळ्या जाती आहेत असे त्याला कधी वाटले नाही. माझ्या मते आपल्या परिषदेच्या विषयाचा तोच मूळपुरुष, आणि त्याची सुरुवात गोदाकाठी झाली.

उलट दिशेचा, वर्गातून कारखान्याकडचा प्रवासही आपल्याकडे झाला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये यंत्ररेखाटन शिकवत. हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली, बेळगावात सायकलचे दुकान चालवले, लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली. शिक्षकाला नाखूष केले की उद्योग उभा राहतो, असा निष्कर्ष यातून कृपया कोणत्याही संस्थाचालकाने काढू नये. उद्योगाकडून वर्गाकडे गेलेलेही आहेत: आमच्याच नाशिकचे रमेश रासकर आधी मित्सुबिशीच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम करून मग एमआयटीत प्राध्यापक झाले. ते व्यवस्थापनाचे नव्हेत, हे मला ठाऊक आहे. पण २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळी त्यांनी 'कुंभथॉन' भरवून इथल्या पोरांना गर्दी, आरोग्य, निवास यांचे प्रश्न सोडवायला बसवले. लाखो माणसे एका घाटावर एका मुहूर्ताला उतरतात त्याचे नियोजन हा तुमच्या विषयातला प्रश्न नसेल, तर मग तुमचा विषय कोणता?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही वाट उघडली. पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पीएच.डी. नसली तरी वर्गात उभे राहता येते. चांगले झाले. पण निवृत्तीनंतर शाल-श्रीफळ घेऊन चार व्याख्याने देणारा अनुभवी माणूस मला पुरेसा वाटत नाही. मला उलटे हवे आहे: तरुण प्राध्यापकाने वर्षातले दोन महिने एखाद्या लहान कारखान्यात, जिथे वातानुकूलित कक्ष नाही आणि मालक स्वतः माल उतरवतो अशा ठिकाणी, बसावे. मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात. सातपूर-अंबडमधल्या वीस माणसांच्या शॉपला कोणी विचारत नाही, आणि तुमच्या पुस्तकातली निम्मी दुखणी तिथेच भेटतात.

आता क्षमायाचना. सिंहस्थ तोंडावर असल्यामुळे शहरातले रस्ते उकरलेले आहेत. आपल्या गाड्यांचे जे हाल झाले असतील त्याबद्दल क्षमस्व. वसतिगृहात गरम पाण्याची सोय पहाटे पाच ते सात एवढीच आहे, आणि निफाडची थंडी आम्ही दुसऱ्या कोणाकडून उसनी आणलेली नाही, म्हणून प्रत्येकाला जादा ब्लँकेट दिले आहे. परिषदेच्या पिशवीची चेन नीट लागत नाही, अशी तक्रार सकाळपासून आली आहे. ती मी पुरवठादारापर्यंत पोचवली आहे. नाश्त्याची मिसळ तिखट आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांच्यासाठी पोहे आहेत, पण नाशिकला येऊन पोहे खाणाऱ्याकडे आमचे कार्यकर्ते जरा वेगळ्या नजरेने पाहतील.

आभार मानायचे तर यादी लांब आहे. ज्या महाविद्यालयाने सभागृह आणि वसतिगृह फुकट दिले त्याच्या व्यवस्थापनाचे, देणगी देऊनही नाव छापू नका म्हणणाऱ्या सातपूरच्या तीन उद्योजकांचे, आणि नाव मोठ्या टाइपात छापा म्हणणाऱ्या बाकीच्यांचेही, सर्वांचे मनापासून आभार. द्राक्षांच्या पेट्या पाठवणाऱ्या दिंडोरीच्या बागायतदारांचे, तिकिटांचे प्रदर्शन मांडणाऱ्या प्रेसमधल्या निवृत्त कामगारांचे, मंडप आणि ध्वनिक्षेपक उधारीवर देणाऱ्यांचे, आणि रात्री दोन वाजेपर्यंत नावांचे बिल्ले चिकटवणाऱ्या विद्यार्थिनींचे आभार. काही बिल्ल्यांवर 'प्रा.' च्या जागी 'डॉ.' आले आहे. ती त्यांची शुभेच्छा समजावी.

शेवटी एक विनंती. उद्या सकाळच्या सत्राआधी आम्ही अंबडमधल्या पाच लहान कारखान्यांची भेट ठेवली आहे. त्या मालकांना भाषण देऊ नका. त्यांना विचारा, पाहा आणि प्रत्येक ठिकाणची एक न सुटलेली अडचण लिहून घेऊन जा. आपल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्या आणि जे काही उत्तर निघेल ते त्या मालकाला कळवा. बस वसतिगृहाच्या फाटकातून ठीक साडेसातला सुटेल. नाश्ता सात वाजता तयार असेल. वेळेवर यावे.